डाव्या करंगळीचा हंगाम

भात कापायला आलं की माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकते. मी वाकवत नाही, ती आपली आपण वाकते. दसरा होऊन गेला, सकाळी बांधावरच्या गवतावर दव दिसायला लागलं, खाचरांतलं पाणी आटून जमीन पायाखाली घट्ट झाली आणि पिकल्या भाताचा तो गोडसर, धुळकट वास दारापर्यंत आला, की ही करंगळी खाली डावीकडे काहीतरी शोधायला लागते. भाकरी थापताना शोधते, रिक्षात बसले की मांडीवर शोधते, कुणाच्या सत्यनारायणाला हात जोडून बसले तरी तिचं चालूच. धाकट्या नणंदेनं एकदा काळजीनं विचारलं होतं, "वैनी, तुला वात हाय काय गं?" मी म्हटलं, "वात नाही गं बाई, कंट्रोल आहे." तिला काही उमगलं नाही. ती दुसऱ्या दिवशी निरगुडीचा पाला घेऊन आली.

कंट्रोल म्हणजे कीबोर्डच्या अगदी खालच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात बसलेलं बटण. एकटं दाबलं तर ते ढिम्म हलत नाही, जसं काही आपण दाबलंच नाही. दुसऱ्या बटणाला सोबत घेतलं की मात्र त्याच्यासारखा कामाचा गडी शोधून सापडायचा नाही. एस सोबत घेतला तर लिहिलेलं जपून ठेवतो, पी सोबत घेतला तर छापून देतो, झेड सोबत घेतला तर झालेली चूक पुसून आपल्याला एक पाऊल मागं नेतो. आता आमच्या कडावातल्या शाळकरी पोरांनाही हे ठाऊक आहे. मला ते ज्या हंगामात आलं तो हंगाम माझं डोकं कदाचित विसरेलही, पण हात विसरणार नाहीत.

यंदा आमच्या खाचरात कापणीचं मशीन आलं. रस्त्याच्या कडेला उतरवलं, धुराचा एक लोट सोडला आणि सकाळच्या चहाची भांडी घासून होईपर्यंत वरची दोन खाचरं मोकळी. सासूबाईंचे गुडघे आता शेतात उतरू देत नाहीत. त्या ओट्यावर बसून बघत होत्या. मग म्हणाल्या, "न्हावी डोकं भादरतो तसं भादरतंय. मूठ कुठं हाय त्यात?" मी हसले, पण माझी करंगळी तेवढ्यात वाकली होती. मूठ म्हणजे काय ते या घरात त्यांच्याखालोखाल मलाच माहीत आहे, असं मी बिनदिक्कत म्हणते.

माझं माहेर दहिवलीचं. तिथं आमची शेती नव्हती. भात मी बघितलं ते डब्यातलं आणि ताटातलं. लग्न होऊन कडावात आले तेव्हा विळा कोणत्या बाजूनं धरायचा इथपासून सुरुवात होती. बायका हसायच्या. दहिवलीची पोर, तिला काय येणार, असं त्या माझ्यादेखत म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं म्हणून मला जास्तच लागायचं. बारावीनंतर मी एक कम्प्युटरचा कोर्स केला होता, तेवढी एकच गोष्ट मला येत होती जी त्यांना येत नव्हती. तीही किती येत होती ते पुढं कळलंच.

गावची दूध डेअरी म्हणजे रस्त्याला लागून पत्र्याची एक खोली. दाराशी दुधाचा काटा, आत फॅट मोजायचं मशीन, भिंतीला टेकून एक टेबल. त्या टेबलावर कम्प्युटर येणार असं ठरलं आणि चेअरमन तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसले. डेअरीचे ते चेअरमन, नात्यानं माझे लांबचे चुलत सासरे. चहा पिऊन म्हणाले, "सूनबाई शिकलेली हाय म्हनतात. टेबलावर बसंल काय?" मी पदर सावरून हो म्हणायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "बसंल. का नाय बसनार?" मग तात्यांनी कप खाली ठेवला. "दिवाळीपर्यंत बघू. लाईन सरकली पायजे. नाय सरकली तर भायेरचा मानूस आनावा लागंल, मंग राग धरू नका."

ते गेल्यावर सासूबाईंनी मला एकच गोष्ट सांगितली. "आपलं दूध शेवटाला घालायचं. टेबलावर आपली बाई हाय, म्हनून आपली किटली पुढं, असं कोनी बोट दाखवाया नको." एवढं बोलून त्या म्हशीकडे गेल्या. म्हणजे पहिल्याच दिवसापासून असं ठरलं की सगळ्या गावाचं दूध मोजून झाल्यावर, सगळ्यात शेवटी, आमची किटली काट्यावर येणार. तेव्हा मला त्यात फक्त चांगुलपणा दिसला. त्यातली मेख पुढच्याच आठवड्यात दिसली.

कापणीच्या दिवसांत डेअरीवर जी गर्दी होते ती एरवी होत नाही. एरवी माणसं सावकाश येतात, काट्यापाशी गप्पा मारतात, कुणाची म्हैस आटली, कुणाची व्यायली याची चौकशी होते. कापणीला मात्र सगळ्यांनाच ऊन चढायच्या आत शेतात उतरायचं असतं, त्यामुळं सगळं गाव एकाच वेळी दारात. थंडीनं डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, बायकांच्या कमरेला आधीच विळे खोचलेले, किटल्यांमधून वाफ निघतेय, कुत्री पायात घोटाळतायत. काट्यावर नामदेवदादा. तो दूध ओतायचा, वजनाचा आणि फॅटचा आकडा मोठ्यानं ओरडायचा, आणि मी तो कम्प्युटरवर घालून चिठ्ठी काढून द्यायची. चिठ्ठी हातात पडल्याशिवाय कुणी हलत नसे.

आता माझं काम कसं चालायचं ते सांगते. आकडा टाइप करायचा. मग कीबोर्डवरचा हात उचलून माऊसवर न्यायचा. माऊसला जागा कुठली, तर टेबलाच्या कडेला, दुधाच्या नमुन्याच्या बाटल्यांमध्ये. मग पडद्यावर बाण शोधायचा. बाण नेहमी भलतीकडे. तो ओढत ओढत सेव्हच्या बटणावर आणायचा, दाबायचं. मग पडदा विचारणार, खरंच सेव्ह करू का? हो रे बाबा, कर. परत बाण, परत दाबणं. मग प्रिंटचं बटण, ते वरच्या कोपऱ्यात. मग पुढच्या माणसाचा नंबर घालायला परत खाली. एका किटलीमागे माझा उजवा हात टेबलावर अशा येरझाऱ्या घालायचा, जशा काही लग्नघरात बायका आतबाहेर करतात. त्यात बोटांना दूध लागलेलं, माऊस निसटायचा. लाईन वाढत वाढत रस्त्यावर जायची.

आणि रस्त्यावर बाळारामचा टेंपो उभा. दूध कर्जतला पोचवायचं काम त्याचं. स्वभावानं तो गरीब, पण ऊन कुणासाठी थांबत नाही. आधी एकदा हॉर्न, मग दोनदा, मग तो स्वतः दारात. "वैनी, निघतो हां मी. पुढं दूध फाटलं तर शिव्या मला पडतात." त्याचं काही चुकत नव्हतं. तो निघायचा, आणि ज्यांचं दूध मोजायचं राहिलं त्यांनी ते परत घरी न्यायचं. आता शेवटी कोण होतं? आमच्याच सासूबाई.

पहिल्यांदा टेंपो त्यांना सोडून गेला तेव्हा मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. त्यांनी भरलेली किटली उचलली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भर गावातून घराकडे चालायला लागल्या. दुधाची भरलेली किटली डेअरीवरून उलट घरी जाताना दिसली की गावात चर्चा होणारच. डेअरीसमोरच्या विहिरीपाशी कुणीतरी विचारलंच, "काय गं, दूध परत?" माझ्या कानावर सासूबाईंचा आवाज आला, अगदी ठणठणीत. "पावनं येनारेत आज. घरी दूध लागतंय."

त्या हंगामात आमच्याकडे येणारे पाहुणे काही संपेनात. कोणी पाहुणा आला मात्र नाही. दूध होतं म्हणून दही लागायचं, दही होतं म्हणून ताक व्हायचं, ताक आंबायला लागलं की कढी. सकाळी दही, दुपारी ताक, संध्याकाळी कढी. आमचे हे खालापूरला कंपनीत, तिथल्या लोकांनी म्हणे विचारलं, तुमचं पोट बिघडलंय का, रोज दहीभात कसा? विहिरीवरच्या बायकाही काही दुधखुळ्या नव्हत्या. त्या मुद्दाम विचारायच्या, "काय गं, आले का पावनं? जेवून गेले?" आणि सासूबाई त्यांच्या तोंडावर सांगायच्या, "जेवून गेले. कढी लय आवडली." घरात आल्यावर मला त्याबद्दल एक शब्द नाही. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं. सगळ्या गावात माझ्यासाठी खोटं बोलणारी ती बाई बघून मला रात्री जेवण जात नसे, आणि जेवायला कढीच असायची.

मग मी दहिवलीला गेले. माहेराच्या मागच्या गल्लीत एक कम्प्युटर क्लास होता, तिथं अलका शिकवायची. अलका घाटातल्या ठाकुरवाडीच्या बाजूची, डोंगरातल्या पाड्यावरची. शिकायला म्हणून दहिवलीत आली आणि शिकवायला म्हणून राहिली. वयानं माझ्याहून थोडी लहान, पण क्लासात शिरली की सगळे मॅडम म्हणायचे आणि ती ते हक्कानं म्हणवून घ्यायची. तिच्या बोलण्यात कुठं पडती बाजू नव्हती. मी माझं रडगाणं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, माऊस द्या इकडं." मी दिला. तिनं त्याची वायर काढली, टेबलाच्या खणात टाकला आणि खण लावून घेतला.

"मॅडम, मग बाण कसा हलवू?"

"बाण हलवायचाच नाही. काम हलवायचं."

भिंतीवर तिनं एक मोठा कागद लावला होता. कंट्रोल अधिक एस, कंट्रोल अधिक पी, आल्ट अधिक टॅब अशी सगळी बाराखडी. ती मला दाखवायची. तिची बोटं बघत राहावीत अशी. पडद्यावर एकामागून एक गोष्टी घडायच्या आणि हात मात्र जागचे हलल्यासारखे वाटायचे नाहीत. घरी येऊन मी परातीच्या कडेवर सराव करायचे. रिक्षात पिशवीवर. एकदा चुलीपुढं बसून पाटावर बोटं मारत होते तर सासूबाईंनी विचारलं, हे काय. मी सांगितलं, शॉर्टकट शिकतेय. त्यांना तो शब्द चांगला ठाऊक होता. शेजारच्या गड्यानं खत न घालता शॉर्टकट मारला होता आणि त्याचं भात पोचट निघालं होतं. "शॉर्टकट म्हंजे कामचुकारपना," त्या म्हणाल्या. "कामाला जवळची वाट नस्ती."

याचं उत्तर मला पुढं कधीतरी सुचलं. आमच्या घरून डेअरीवर जायला दोन वाटा आहेत. एक गाडीरस्ता, गावाला वळसा घालून. दुसरी बांधावरून, खाचरांमधून सरळ. पाहुण्यामाणसाला बांधावरून पाठवलं तर तो चिखलात जातो. बांधावरून तोच झपाझप जातो ज्याला कुठला बांध पोकळ आहे, कुठं खेकड्याचं बीळ आहे हे पायाला माहीत असतं. सासूबाई जन्मभर बांधावरूनच चालल्या. त्यांना कोणी कामचुकार म्हणून बघावं.

पण माझे पाय, म्हणजे बोटं, चिखलात जात होती. भिंतीवरच्या कागदावर लिहिलं होतं अधिक, म्हणून मी दोन्ही बटणं एकदम दाबत होते. बेरजेत आधी कोण, नंतर कोण असं काही नसतं. अलकाची बोटंही इतकी भरभर पडायची की मला वाटे, दोन्ही एकाच क्षणी पडतात. तसंच मी करायचे, आणि कधी जमायचं, कधी नाही. एस आधी पडला की कम्प्युटर टूंऽ करून ओरडायचा. लाईनीतून कोणीतरी म्हणायचं, "वरडतोय बग तो. भूक लागली असंल त्याला." हशा व्हायचा. मग मी जोर लावायला लागले. आपल्या हातावर आपलाच भरवसा नसला की माणूस जोर लावतो. एका सकाळी हिराजीबाबांची चिठ्ठी काढताना मी कंट्रोल आणि पी असे गच्च दाबून धरले, की सुटायला नकोत. चिठ्ठी आली. मागून दुसरी आली, तिसरी आली, आणि मशीन काही थांबेचना. कागदाची पट्टी टेबलावरून खाली उतरली, नामदेवदादाच्या पायापर्यंत गेली. हिराजीबाबांनी ती उचलून उलगडून बघितली आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "येवढं दूध माझी म्हस कवापासनं द्याया लागली गं, पोरी?" सगळी लाईन हसली. मीही हसले, कारण रडता येत नव्हतं. बाहेर बाळारामनं हॉर्न दिला.

त्या दिवशीही पाहुणे आले.

त्याच दिवशी, डेअरी आटपून मी शेतात गेले. ऊन चढलं होतं. खाचराच्या वरच्या अंगाला सासूबाई आणि दोन बायका ओळीनं कापत होत्या, मागं कापलेलं भात मुठी मुठीनं आडवं पडत होतं. वरून पोपटांचा थवा ओरडत गेला. मी विळा घेतला आणि माझ्या रागाच्या भरात सपासप ओढायला लागले. दाणे झडत होते, मला त्याची पर्वा नव्हती. सासूबाईंनी दुरून बघितलं. कंबर सरळ केली, माझ्याजवळ आल्या.

"शैला, काय मारामारी चाललीय गं?"

"कापतेय, आई."

"हे कापनं नाय. हे वरबाडनं हाय. दोनी हात येकदम चालवतीस तू." त्यांनी माझ्या शेजारी बसकण मारली. "बग. हा डावा हात धरनारा. हा उजवा कापनारा. आधी धर. धरलंस? आता नुसती धर, घाई नाय. मंग इळा लाव. लावला की कापला. आनि मूठ हातात घिऊन बसू नको, ठेव खाली. धर, काप, सोड. धरल्याबिगर कापलंस तर दानं सांडतील, आनि सोडलं नाय तर फुडचं कशानं धरशील?"

त्यांनी ते सावकाश करून दाखवलं. एरवी त्यांचा हात इतका चालायचा की मला त्यातही दोन्ही हात एकदमच पडतात असं वाटायचं. आज माझ्यासाठी म्हणून त्यांनी हात हळू केला आणि मला दिसलं की त्यात एक क्रम आहे. डावा हात आधी जातो. तो मूठ धरून शांत थांबतो. उजवा येतो, आपलं काम करून निघून जातो. मग डावा सोडतो.

मी विळा खाली ठेवला आणि मूठ धरून तशीच उभी राहिले. माझी डावी करंगळी वाकली. धर. उजवं बोट, एस. काप. मग सोड. धर, पी, सोड. मी भाताच्या मुठीवर करंगळी दाबत होते आणि उजव्या हातानं हवेत बोट मारत होते. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "उन लागलं काय हिला?" त्यांनी बाकीच्या बायकांना विचारलं.

त्या दिवसापासून मी उरलेलं खाचर कापलं ते सगळं सेव्ह आणि प्रिंट करत कापलं. एक मूठ सेव्ह, एक मूठ प्रिंट. त्या हंगामात मी दोन गोष्टी शिकत होते आणि दोन्हींत ढ होते. दोन्ही एकाच दुपारी, एकाच खाचरात वळणावर आल्या. दाणे झडायचे थांबले. दुसऱ्या दिवशी डेअरीवर कम्प्युटर ओरडला तो फक्त सुरुवातीला. मग मी डोळे मिटल्यासारखे करून करंगळी ठेवली, क्षणभर नुसतीच धरली, आणि मग दुसरं बोट. काही ओरडलं नाही. चिठ्ठी एकच आली. हिराजीबाबांनी ती उलटसुलट करून बघितली, मागून आणखी येते का म्हणून थोडा वेळ थांबलेसुद्धा.

आता खालापूर बाजूच्या गावांतल्या डेअऱ्यांवर बसणाऱ्या बायका माझ्याकडे शिकायला येतात. दुपारी डेअरी रिकामी असते, तेव्हा. मी त्यांचा माऊस काढून घेते, खणात टाकते. मग प्रत्येकीच्या डाव्या हातात पेंढ्याची एक मूठ देते. त्या एकमेकींकडे बघतात, तोंडाला पदर लावतात. कम्प्युटर शिकायला आलो आणि ही बाई पेंढा देतेय. मी म्हणते, धरा. त्यांना धरणं शिकवावं लागत नाही, जन्मभर तेच केलेलं असतं. मग म्हणते, आता पेंढा खाली ठेवा आणि त्याच हाताची करंगळी इथं ठेवा. अलका एकदा बघायला आली होती. तिनं सगळं पाहिलं आणि म्हणाली, "ताई, हे आमच्या कोर्समध्ये नाही." मी म्हटलं, घाला. तिनं खरंच घातलं. तिच्या क्लासच्या खणात आता माऊसांशेजारी पेंढ्याची एक जुडी असते. घाटातल्या पोरी आल्या की त्यांना ती काढून देते.

मला याचा अभिमान आहे. आडपडदा न ठेवता सांगते, चांगला भरघोस अभिमान आहे. माझे हात आज टेबलावर बसले की बघणाऱ्याला वाटतं दोन्ही एकदम पडतायत. तसं नाही, हे मला आणि आणखी एका बाईला माहीत आहे.

त्या बाईबद्दल एवढंच सांगायचं राहिलं. दिवाळी तोंडावर आली होती. खळ्यावर झोडणी सुरू झालेली, दुधाला मागणी वाढलेली, म्हणून टेंपो नेहमीपेक्षा आधीच येऊन उभा. चेअरमन तात्या स्वतः डेअरीच्या दारात, हात मागं बांधून. ते कशासाठी आलेत ते मलाही कळत होतं आणि लाईनीलाही. दिवाळीपर्यंत बघू म्हणाले होते, आता दिवाळी आली होती.

नामदेवदादानं पहिली किटली ओतली आणि आकडा ओरडला. मी घातला. धर, सोड. चिठ्ठी. पुढचा. धर, सोड. चिठ्ठी. मी लाईनीकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर घाबरले असते. मधे एकदा नामदेवदादानं गाईचं दूध म्हशीचं म्हणून ओरडलं, आणि लगेच जीभ चावली. "वैनी, चुकलं गं, गाईचं हाय!" पूर्वी एवढ्यानं मी माऊस शोधत बसले असते. कंट्रोल, झेड. एक पाऊल मागं, दुरुस्ती, परत पुढं. त्या माणसाला कळलंही नाही की काही झालं होतं. बाहेर गप्पा कमी झाल्या होत्या, कारण गप्पा मारायला थांबायला वेळच मिळत नव्हता. टॉवेल गुंडाळलेली डोकी येत होती आणि चिठ्ठी घेऊन जात होती. हिराजीबाबा गेले. विहिरीवरच्या त्या चौकस बायका आल्या, गेल्या, म्हणजे दाराबाहेर गेल्या आणि तिथंच रेंगाळल्या.

मग एक किटली काट्यावर आली आणि नामदेवदादानं नंबर सांगितला. बोटांनी तो टाइप केला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा आमचा नंबर आहे. म्हणजे लाईन संपली होती. बाळारामनं अजून पहिला हॉर्नसुद्धा दिला नव्हता.

त्यानं आमची किटली टेंपोतल्या मोठ्या कॅनमध्ये ओतली, कॅनचं झाकण ठोकलं. चेअरमन तात्यांनी हात पुढं घेतले, माझ्याकडे न बघता नामदेवदादाला म्हणाले, "त्या माऊसची वायर कशाला लोंबतीय? काडून ठेव, लागत नाय आता." आणि घराकडे निघाले. तीच माझी नेमणूक.

बाहेर त्या बायका उभ्याच होत्या. एकीनं सासूबाईंना विचारलं, आवाजात तीच जुनी खोडी होती, "काय गं, आज पावनं नाय?"

सासूबाईंनी रिकामी किटली कमरेवर घेतली. दारातून आत माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं. पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या कोणी बोट दाखवाया नको, आणि आज स्वतःच दाखवत होत्या.

"नाय. पावनं आता येत नाय," त्या म्हणाल्या. "हात बग तिचा. आधी धरती, मंग कापती. मी शिकवलाय."

टेंपो निघून गेला होता. माझ्या टेबलापुढं कोणी नव्हतं, सगळ्यांचं दूध सेव्ह झालेलं होतं. तरी मी करंगळी खाली ठेवली, क्षणभर नुसतीच धरली, एस दाबला, आणि सोडलं.